किडनी बसण्याआधी बाही वर करा

दादाचा रिपोर्ट आणायला मी गेले होते. 2021 चा जून. लॅबच्या खिडकीबाहेर रांग, प्रत्येकाच्या तोंडावर दोन-दोन मास्क, आणि आतून एक मुलगा नाव पुकारत एकेक पाकीट बाहेर सरकवत होता. दादाचं पाकीट देताना तो घुटमळला. "ताई, यांचे दोन्ही डोस झालेत म्हणालात ना? मग सॅम्पल बदललं असणार. परत करू, पैसे नका देऊ." परत केलं. परत तेच. कोविडच्या अँटिबॉडी मशीनला मोजता येतील इतक्याही नव्हत्या. मार्चमध्ये पहिला डोस, तीन खेपा घालून मेच्या पहिल्या आठवड्यात मिळालेला दुसरा, फोनमध्ये पंतप्रधानांचा फोटो असलेलं प्रमाणपत्र, आणि रक्तात काही नाही.

सॅम्पल बदललेलं नव्हतं. दादाला 2016 साली आईची किडनी बसवली. तेव्हापासून सकाळी नऊ आणि रात्री नऊला टॅक्रोलिमस, सोबत मायकोफेनोलेट, सकाळी एक प्रेडनिसोलोन. आमच्या घरात या गोळ्यांच्या वेळा आरतीपेक्षा कडक पाळल्या जातात. लस कुठे गेली याचं उत्तर त्या गोळ्यांच्या डबीतच होतं. पण ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नव्हतं. सुई टोचली, कापूस दाबला, अर्धा तास बसलो, झालं, अशीच आमची समजूत. शेजाऱ्यापाजाऱ्यांची होती तशीच. सरकारचीही तशीच होती, आणि माझं भांडण मुख्यतः तिच्याशी आहे.

आधी त्या डबीबद्दल. दुसऱ्याच्या अवयवाला शरीर आपलं म्हणत नाही. 1954 साली बोस्टनमध्ये पहिली यशस्वी किडनी बसली ती एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, म्हणून तिथे औषधांवाचून भागलं. बाकी सगळ्यांना, अगदी जन्मदात्या आईची किडनी घेणाऱ्यालासुद्धा, आपली प्रतिकारशक्ती जन्मभर दाबून ठेवावी लागते. लसीला नेमकी तीच प्रतिकारशक्ती लागते. लस विषाणूचा एखादा तुकडा दाखवते आणि तो ओळखणाऱ्या मोजक्या पांढऱ्या पेशींना म्हणते, आता स्वतःच्या भरमसाट प्रती काढा. झेरॉक्सचं दुकान डोळ्यांपुढे आणा. टॅक्रोलिमसमुळे गिऱ्हाइकाची ऑर्डरच काउंटरपलीकडे जात नाही. टी-पेशीला, म्हणजे या पांढऱ्या पेशींतल्याच एका जातीला, मिळालेला इशारा आतपर्यंत पोचण्याआधी अडवला जातो. मायकोफेनोलेट त्याच्याही पुढे जातं. लिम्फोसाइटला, म्हणजे याच पांढऱ्या पेशीला, एकाच्या दोन व्हायचं तर डीएनएची नवी प्रत लागते, आणि त्या प्रतीचा कच्चा माल तयार करणारं विकर हे औषध बंद पाडतं. ओरिजिनल काचेवर आहे, मशीन चालू आहे, पण ट्रेमध्ये कागद नाही.

हे किती फरकाने होतं त्याचे आकडे त्याच वर्षी जगासमोर आले होते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने अवयव बसवलेल्या 436 जणांना एमआरएनए (फायझर-मॉडर्ना जातीच्या) लशीच्या पहिल्या डोसनंतर तपासलं, तर फक्त 17 टक्क्यांत अँटिबॉडी दिसल्या. दुसऱ्या डोसनंतर 658 जणांचा अभ्यास आला: 54 टक्के. निरोगी माणसांत ही लस जवळपास सगळ्यांत अँटिबॉडी तयार करत होती. त्यातही पोटभेद होता. मायकोफेनोलेटच्या जातीचं औषध चालू असलेल्यांत 43 टक्के, ते नसलेल्यांत 82. म्हणजे 'ट्रान्सप्लांटचा पेशंट' असा एक सरसकट गठ्ठा बांधूनही चालत नाही. कोणता अवयव, बसवून किती दिवस झाले, कोणत्या गोळ्या, यावर लस लागू पडणं ठरतं. लिव्हरवाल्यांचा प्रतिसाद साधारणपणे बरा असतो, फुप्फुसवाल्यांचा वाईट, आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात तर कुणाचाच धड नसतो.

इथे लोक एक चलाखीचा प्रश्न विचारतात. एका ओळखीच्या केमिस्टने मला तोंडावर विचारला होता: "लागूच पडत नाही तर कशाला वाया घालवायची?" त्याचं उत्तर फ्रान्समधल्या तुलूजच्या डॉक्टरांनी दिलंय. अवयव बसवलेल्या 101 जणांना त्यांनी तिसरा डोस दिला. त्याआधी 40 टक्क्यांत अँटिबॉडी होत्या, महिन्याभराने 68 टक्क्यांत. कॅनडात टोरांटोला तर अर्ध्यांना लस आणि अर्ध्यांना नुसतं सलाइन टोचून हेच तपासलं गेलं. ठरवलेल्या पातळीच्या वर गेले ते लसवाले 55 टक्के, सलाइनवाले 18. ज्या गिऱ्हाइकाच्या वेळी ट्रेमध्ये कागद कमी असतो, त्याने दोनदा-तीनदा यावं लागतं, एवढाच याचा अर्थ. शिवाय अँटिबॉडी म्हणजे सगळी प्रतिकारशक्ती नव्हे. टी-पेशींचं काम साध्या लॅबमध्ये मोजता येत नाही. म्हणून लॅबच्या शून्यावरून हताश होण्यात अर्थ नाही, आणि आकडा आला म्हणून मास्क फेकून लग्नाच्या पंगतीत बसण्यातही नाही.

मग लस घेताना गोळीच बंद ठेवली तर? दादाच्या डोक्यात हे आलं होतं, आणि दर दुसऱ्या पेशंटच्या येतं. नेदरलँड्समध्ये याची रीतसर चाचणी झाली. मायकोफेनोलेट लशीच्या आधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर थांबवून पाहिलं. चालू ठेवणाऱ्यांपेक्षा थांबवणाऱ्यांना जास्त फायदा झाल्याचं दिसलं नाही. तेव्हा व्हॉट्सअॅपवरचा सल्ला वाचून स्वतःच गोळी सोडणारा माणूस हातातली किडनी पणाला लावतो आणि पदरात काही पडत नाही. हे इतक्या स्पष्ट लिहिते कारण तसं केलेला एक जण मी डायलिसिसच्या खुर्चीवर परत आलेला पाहिलाय.

आता धोरणाबद्दल. 1 मार्च 2021 ला साठीच्या वरच्यांना आणि 45 ते 59 मधल्या सहव्याधीवाल्यांना लस खुली झाली, तेव्हा त्या सहव्याधींच्या यादीत किडनी आणि लिव्हर प्रत्यारोपण नावानिशी होतं. ती यादी करणाऱ्याला मनापासून धन्यवाद; दादा 47 चा होता, डॉक्टरांचा दाखला नेला आणि नंबर लागला. म्हणजे ही माणसं वेगळी आहेत हे सरकारी कागदाला ठाऊक होतं. पण ते ठाऊक असणं पहिल्या डोसापाशीच संपलं. फ्रान्सने अशा रुग्णांना तिसरा डोस एप्रिल 2021 मध्ये सांगितला. अमेरिकेने 12 ऑगस्टला मंजुरी दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी ऑक्टोबरमध्ये तीच शिफारस केली, आणि त्यात नीट सांगितलं की हा बूस्टर नाही. या लोकांसाठी मूळ कोर्सच तीन डोसांचा धरा. आपल्याकडे तिसरा डोस 'प्रिकॉशन डोस' या नावाने आला 10 जानेवारी 2022 ला, आरोग्य कर्मचारी, आघाडीचे कर्मचारी आणि सहव्याधी असलेल्या साठीपुढच्यांसाठी. तोही दुसऱ्या डोसानंतर नऊ महिन्यांनी. दादाला साठ व्हायला बारा वर्षं होती. मार्च 2021 च्या यादीत बसणारी त्याची किडनी जानेवारी 2022 च्या यादीत बसेना.

ओमायक्रॉनची लाट याच दिवसांत आली. वहिनीने दादाचं अंथरूण माळ्यावरच्या खोलीत हलवलं आणि जेवणाचं ताट जिन्यावर ठेवायला लागली. आई, जिची एक किडनी त्याच्या पोटात आहे, ती सत्तरीला टेकलेली आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी, म्हणून तिला प्रिकॉशन डोसचा मेसेज आला. त्याला नाही. 10 एप्रिल 2022 ला अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना खाजगी केंद्रांवर तिसरा डोस खुला झाला, लशीचे 225 रुपये आणि वर सेवाशुल्क 150 रुपयांपर्यंत, तेव्हा जाऊन दादाने तो घेतला. दुसऱ्या डोसानंतर अकरा महिन्यांनी, विकत, आणि एखाद्या धडधाकट पोराच्या बरोबरीने रांगेत उभं राहून.

2021 च्या उन्हाळ्यात लस अपुरी होती हे मी विसरलेले नाही. कोट्यवधी लोकांना पहिला डोस मिळालेला नसताना कुणाला तिसरा द्यायचा, हा प्रश्न मेमध्ये खराच होता आणि त्या वेळी मी अधिकाऱ्याच्या खुर्चीत असते तर मीही हात आखडला असता. जानेवारी 2022 मध्ये मात्र तो प्रश्न उरला नव्हता. अवयव बसवलेल्यांची संख्या एवढ्या मोठ्या देशात मूठभर; त्यांना तिसरा डोस दिल्याने कुणाच्या तोंडचा घास जाणार नव्हता. अडचण अशी की वय आधार कार्डावर छापलेलं असतं आणि गोळ्या डबीत असतात. संगणकाला वय वाचता येतं. म्हणून वय वाचलं गेलं.

कोविड संपला, आता हे उगाळून काय उपयोग, असं कुणी म्हणेल. माझ्या मते कोविडने फक्त लक्ष वेधलं. दाबलेली प्रतिकारशक्ती आणि लस यांचं हे गणित नेफ्रॉलॉजीत, म्हणजे किडनीच्या डॉक्टरीत, कित्येक वर्षं जुनं आहे, आणि त्याचं नाव हिपॅटायटिस बी.

डायलिसिसच्या मशीनमधून रक्त बाहेर जाऊन परत येतं, त्यामुळे तिथे हिपॅटायटिस बीची भीती कायम. म्हणून डायलिसिसच्या पेशंटला ही लस मोठ्या माणसाच्या नेहमीच्या डोसाच्या दुप्पट, 40 मायक्रोग्रॅम, आणि तीनऐवजी साधारण चार वेळा देतात. कारण औषधं सुरू व्हायच्या आधीच, नुसत्या किडनीच्या आजारानेही, लस कमी लागू पडते. कोर्स संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडींची पातळी, बघायचा. 10 च्या खाली आला तर पुन्हा टोचायचं. वर असला तरी वर्षाला बघत राहायचं. आणि ज्यांना हे लागू आहे ते कोण? देशभरातल्या बाळांना ही लस सरसकट मिळायला लागली 2011 च्या सुमारास. आज चाळिशी-पन्नाशीत डायलिसिसवर बसलेल्या माणसाला लहानपणी ती मिळाली असण्याचा संभव जवळपास नाही.

दादाने डायलिसिसच्या अकरा महिन्यांत हे डोस घेतले. त्याच्या फाइलला चार स्टिकर चिकटवलेले आहेत, तारखांसकट. टायटर मात्र कुणी केला नाही. किडनी बसून पाच वर्षं झाल्यावर, त्या कोविडच्या रिपोर्टने आम्ही शहाणे झाल्यावर, स्वतः सांगून करून घेतला. आकडा दहाच्या खाली. चार स्टिकर पाहून सगळ्यांनी मान डोलावली होती. रुग्णालयाचं नाव घेत नाही, कारण बाकी सगळी काळजी त्यांनी डोळ्यांत तेल घालून घेतली, आणि कारण ही चूक कुणा एकाची नाहीच. स्टिकर मोजायचे आणि रक्त मोजायचं नाही, ही आपल्या एकूण लसीकरणाचीच रीत आहे. धडधाकट माणसाच्या बाबतीत ती खपून जाते.

मला सर्वांत जास्त खटकतं ते पुढचं. युरोप-अमेरिकेत बरेचसे अवयव मेंदूमृत दात्यांकडून येतात. रात्री दोनला फोन, पहाटे ऑपरेशन. तिथल्या डॉक्टरांना लसीकरणासाठी निवांत वेळ मिळेलच असं नाही, तरी ते प्रतीक्षायादीत नाव घालतानाच लशींचा हिशेब करतात. आपल्याकडे उलटं आहे. 2023 साली देशात 18,378 अवयव प्रत्यारोपणं झाली. त्याच्या दहा वर्षं आधी हा आकडा पाच हजारांच्या आत होता. या वाढीतला मोठा भाग, दहातली आठहून जास्त प्रत्यारोपणं, जिवंत दात्यांकडून होतात. बायको, आई, बहीण, बाप. हे ऑपरेशन अचानक होत नाही. ते ठरतं, पुढे ढकललं जातं, पुन्हा ठरतं. दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळतं का ते पाहणारं क्रॉसमॅच होतं. दात्याची अँजिओग्राफी होते. 1994 च्या कायद्याखाली नातं सिद्ध करावं लागतं, आणि त्यासाठी रेशनकार्ड, लग्नपत्रिका, घरातले जुने फोटो काढून द्यावे लागतात. आईच्या डोहाळजेवणाचा पिवळा पडलेला फोटो आम्ही जोडला होता. समितीपुढे मुलाखत होते, तिचं चित्रीकरण होतं. यात महिने जातात, आणि तेवढे सगळे महिने माणूस आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास हॉस्पिटलच्याच खुर्चीत, एक हात पसरून बसलेला असतो. दुसरा हात रिकामा असतो!

लस देण्यासाठी याहून सोयीचा माणूस शोधून सापडायचा नाही. आणि याच महिन्यांना मोल आहे, कारण काही लशी नंतर देताच येत नाहीत. कांजिण्या, गोवर-गालगुंड-रुबेला या लशींत कमजोर केलेला पण जिवंत विषाणू असतो. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला तो स्वतःच आजारी पाडू शकतो, म्हणून किडनी बसल्यावर ही दारं साधारणपणे बंद. द्यायच्या तर ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी. पुण्यात बनणारी फ्लूची नाकात फवारायची लस याच जातीची; अशा रुग्णाने दंडात टोचायचीच घ्यावी, आणि दर वर्षी घ्यावी. नागिणीची जुनी लस जिवंत विषाणूची होती. 2023 पासून भारतात मिळणारी नवी तशी नाही, त्यामुळे ती नंतरही देता येते. पण तिचाही जोर गोळ्या सुरू होण्याआधी जास्त. खरं तर डायलिसिसचीही वाट बघू नये. रक्तातलं क्रिएटिनीन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, तीन-चारवर रेंगाळत असतं, डॉक्टर 'बघू, अजून वेळ आहे' म्हणत असतात, तोच लशींचा वेळ.

चांगल्या केंद्रांत हे सगळं होतं, हे मला माहीत आहे. तिथले ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर लशींचा तक्ता हातात देतात. पण तक्ता हातात दिल्यावर पुढे काय? कांजिण्यांची लस विकत, नागिणीची विकत आणि चांगलीच महाग, फ्लूची दर वर्षी विकत. ज्या घराने दागिने मोडून डायलिसिसच्या गाडीभाड्याची सोय केली, ते घर तक्त्यातल्या कोणत्या ओळीवर काट मारणार हे सांगायला नको. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा 2023 मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख केली गेली. फार चांगलं झालं. माझं म्हणणं आहे की त्या पॅकेजमध्ये ऑपरेशनआधीच्या लशी आणि नंतरचे टायटर हे वेगळ्या ओळीत, वेगळ्या रकमेसह लिहिलेले असावेत, आणि त्या ओळीपुढे तारीख नसेल तर रुग्णालयाच्या बिलाला प्रश्न विचारला जावा. दात्याच्या एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या रिपोर्टविना फाइल पुढे सरकत नाही. तसंच हे. क्रॉसमॅच जुळलं आणि किडनी निकडीची असेल तर लशीसाठी कुणी ऑपरेशन अडवू नये, हे उघड आहे. पण निकड नसताना, समितीची तारीख दोन महिन्यांनी असताना, ते दोन महिने कोरे जाऊ देण्याला काही कारण नाही.

मुलांच्या बाबतीत हे आणखी घट्ट होतं. पित्तनलिका जन्मतःच बंद असलेल्या बाळाला वर्षाचं व्हायच्या आतसुद्धा लिव्हर लागू शकतं. आपल्या वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिन्यांना. बाळ सातव्या महिन्यात ऑपरेशनला गेलं, की तो डोस राहिला. बाळ सहा महिन्यांचं झालं की तो लवकर देता येतो, आणि आपल्या यंत्रणेला ते जमतंही. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवराचा उद्रेक झाला, मुलं दगावली, तेव्हा नऊ महिन्यांखालच्या बाळांनाही जास्तीचा डोस देण्याची सोय केली गेली. म्हणजे धोका मोठा असेल तर वेळापत्रक वाकवता येतं. मग लिव्हरसाठी थांबलेल्या बाळाचा धोका मोठा नाही? आणि एकदा ऑपरेशन झालं की त्या बाळाची गोवराची लस शेजारच्या मुलांच्या दंडात असते. 'आमच्या पोराला लस टोचायची की नाही हे आम्ही ठरवू' म्हणणाऱ्या पालकांच्या वर्गात ते मूल पुढे बाकावर बसणार आहे. गोवंडीत कमी पडलेल्या लसीकरणाला गरिबी, स्थलांतर आणि कोविडातली बंद दवाखान्यांची दोन वर्षं कारणीभूत धरता येतील. मोठ्या सोसायट्यांतल्या या पालकांकडे तसलं एकही कारण नाही.

घरातल्यांनीही दंड पुढे केले पाहिजेत, हे ओघाने आलंच. आमच्याकडे दर पावसाळ्याआधी सगळे फ्लूची लस घेतात, आईसकट. घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या लशी अजिबात चुकवू नयेत. पोलिओचे तोंडावाटे देण्याचे थेंब जिवंत विषाणूंचे असतात, तेव्हा त्यांच्याबद्दल डॉक्टरांना आधी विचारावं आणि पुढचे काही आठवडे बाळाचे लंगोट बदलण्याचं काम किडनीवाल्या काकाला देऊ नये. काका तक्रार करणार नाहीत.

एक भीती मात्र हसण्यावारी नेता येत नाही. "लशीने प्रतिकारशक्ती जागी होईल आणि किडनी रिजेक्ट होईल." हे मी पेशंटच्या तोंडून ऐकलंय, एका फॅमिली डॉक्टरच्या तोंडूनही ऐकलंय. ऐकायला तर्कशुद्ध वाटतं, म्हणूनच ते टिकून आहे. पण अवयव बसवलेल्या लोकांत लशींवर इतकी वर्षं जे अभ्यास झाले, त्यांतून लशींमुळे अवयव नाकारला जाण्याचं प्रमाण वाढतं असं काही दिसलेलं नाही, आणि म्हणूनच जगभरची प्रत्यारोपणाची मार्गदर्शक तत्त्वं निर्जीव लशी घ्या म्हणतात. किडनीला खरा धोका विषाणूकडून असतो. कोविडच्या पहिल्या वर्षात, लस नव्हती तेव्हा, अमेरिकेत रुग्णालयात दाखल कराव्या लागलेल्या अवयवधारकांपैकी जवळपास दर पाचातला एक महिन्याभरात दगावला. किडनी 'जपण्यासाठी' लस नाकारणाऱ्याने हा आकडा समोर ठेवावा.

आता कुत्र्याची गोष्ट. मागच्या वर्षी दादा सकाळी दूध आणायला गेला आणि गल्लीतल्या कुत्र्याने त्याच्या पोटरीला दात लावले. पँट फाटली नाही, रक्त आलं नाही, नुसता ओरखडा. सरकारी दवाखान्यात बाई चांगल्या होत्या. जखम साबणाने धुवायला लावली, रेबीजची लस टोचली, पुढच्या तारखा लिहून दिल्या. "रक्त नाही ना, मग तेवढं पुरे." धडधाकट माणसाला ते पुरेच होतं. रक्त न येणारा ओरखडा दुसऱ्या श्रेणीत मोडतो आणि त्याला लस चालते. पण प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला दुसऱ्या श्रेणीच्या जखमेतही लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी, जखमेभोवती टोचायच्या असतात, कारण त्याचं शरीर स्वतःच्या अँटिबॉडी वेळेत बनवेल याचा भरवसा नाही. हा नियम आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेला आहे. दादा बाईंना किडनीचं बोलला नाही. त्याला वाटलं पोटरीचा आणि किडनीचा काय संबंध. बाईंनीही विचारलं नाही, कारण केसपेपरवर तो रकानाच नव्हता. वहिनीने रात्री गोळ्या काढून देताना विचारलं, "त्यांना सांगितलंस ना?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा तिथेच होतो. रेबीजमध्ये चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही. आमच्या बाबतीत ती एका रात्रीत सुधारली, कारण वहिनी आठ वर्षांत अर्धी डॉक्टर झालीये.

प्रत्येक अवयवधारकाच्या घरात अशी वहिनी असेलच असं धोरण गृहीत धरू शकत नाही. म्हणून मला वाटतं, लसीकरणाच्या कुठल्याही खिडकीवर, कुत्रा चावल्याच्या असो की फ्लूच्या, वयाच्या आधी एक प्रश्न विचारला जावा: "रोजच्या गोळ्या कोणत्या?" त्याला पैसे लागत नाहीत. कॅन्सरची केमो घेणारे, संधिवातासाठी स्टेरॉइड खाणारे, तेही याच प्रश्नात सापडतील. आणि पुढची साथ येईल तेव्हा अवयवधारकांची यादी नव्याने करत बसायची गरज नाही. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत, वर राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरच्या संस्था आहेत. कुणाला कोणता अवयव कधी बसला याची नोंद ठेवणं हे त्यांचं रोजचं काम. त्या नोंदीत लशींची भर घालायला हवी.

गेल्या महिन्यात दादा तपासणीला गेला होता, मी सोबत होते. शेजारच्या बाकावर चाकणहून आलेली एक बाई, मांडीवर नवीकोरी फाइल. नवऱ्याला तिची किडनी देणार आहे. समितीची तारीख सात आठवड्यांनी. तिने फाइल माझ्याकडे दिली, "ताई, काही राहिलंय का बघा." फोटो होते, रेशनकार्ड होतं, रक्तगट, ऊती जुळतात का ते सांगणारा एचएलए, दोघांचेही सगळे रिपोर्ट होते. लशीचा कागद नव्हता. मी शेवटच्या कोऱ्या पानावर पेनाने रकाने आखले: हिपॅटायटिस बी, टायटर, फ्लू, कांजिण्या झाल्यात का, गोवर, घरातली लहान मुलं. ती म्हणाली, कांजिण्या सासूबाईंना विचारावं लागेल. आणि तिथूनच फोन लावला.